पद्मिनी टॅक्सीची चाकं, सिलिकॉनचा साचा आणि रेझिनला पडलेली जाळी (मदत हवी आहे)

काळीपिवळी२४ | १४ जुलै, रात्री ११:४०

मंडळी नमस्कार, बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय, चूभूदेघे.

बाबांनी २२ वर्षं मुंबईत टॅक्सी चालवली, प्रीमियर पद्मिनी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेवला पास झालेली, तिची वीस वर्षं भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस त्या रस्त्यावरून गेल्याच. आमची त्याच्या खूप आधी भंगारात गेली, घरात तिचं म्हणून फक्त एक दाराचं हँडल आहे. तर यंदा बाबांच्या पंच्याहत्तरीला तिचं १:२४ चं मॉडेल करायचं ठरवलं. बॉडी थ्रीडी प्रिंट करून आणली, साधारण १६४ मिमी लांब आहे. चाकं, मीटर आणि टपावरच्या कॅरिअरचे पाय मी स्वतः करतोय. इथपर्यंत ठीक होतं पण घरच्या ग्रुपवर फोटो टाकायची दुर्बुद्धी झाली आणि आता काका, आत्या आणि एक मावसभाऊ सगळ्यांना एकेक गाडी पाहिजे. म्हणजे चार गाड्या, सोळा चाकं. एकेक चाक हाताने करत बसलो तर पंच्याहत्तरी सोडा, सहस्रचंद्रदर्शन येईल. म्हणून साचे करून रेझिन ओतायचं ठरवलं.

चाकाचा मास्टर (ज्यावरून साचा घ्यायचा तो मूळ नमुना) असा केला: खऱ्या गाडीची रिम १४ इंची, म्हणजे १:२४ ला १४.८ मिमी. प्लॅस्टिक शीटच्या चकत्या एकावर एक चिकटवल्या, पॉलिश पेपरने घासल्या आणि मधल्या चकचकीत कपसाठी (हबकॅप) ब्लाउजच्या टिचबटणाची टोपी लावली. (बायकोला माहीत नाही.) मास्टर झकास झालाय.

आता रडगाणं. चाकांसाठी साधं सिलिकॉन आणलं, डबा आणि सोबत छोटी बाटली, बाटलीतलं अंदाजाने घातलं. दोन भागांचा साचा केला. दुपारपर्यंत साचा जमला (घट्ट झाला), मी रात्री त्यात पीयू (पॉलियुरेथेन) रेझिन ओतलं. चाक निघालं पण आतून बाहेरून नुसते बुडबुडे, वर हाताला चिकट लागतंय. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. मीटरसाठी दुसऱ्या दुकानातून महागातलं, समसमान मापाचं सिलिकॉन आणलं, त्याचा साचा तर जमलाच नाही, मीटरच्या भोवती अजून शेंबडासारखं आहे. मीटरचा मास्टर थ्रीडी प्रिंटचा आहे.

व्हॅक्यूम पंप घ्यायचा का? सगळे व्हिडिओवाले तेच सांगतायत.

उंटावरचा शहाणा | १४ जुलै, रात्री ११:५२

फोटो दिसत नाहीयेत.

काळीपिवळी२४ | १४ जुलै, रात्री ११:५५

टाकलेच नाहीयेत हो अजून.

राळरंग | १५ जुलै, सकाळी ८:१०

मी नाशिकला रेझिनचे दागिने करते, इपॉक्सीमध्ये. एकच सांगते, बुडबुडे मोजण्याआधी एक चाक मधोमध कापून बघा आणि आत काय दिसतंय ते लिहा. बुडबुडा कुठे आहे त्यावर सगळं आहे.

मोल्डर कोल्हापूरचा | १५ जुलै, सकाळी ९:३०

ताई बरोबर बोलल्या. आमच्या शिरोलीत फौंड्रीत कास्टिंग फेल गेलं की पहिल्यांदा कापूनच बघत्यात, मग कुणाला शिव्या द्यायच्या ते ठरतंय.

तुमच्यासाठी सोपा हिशेब सांगतो. चाकावर बाहेर गोळी उठली असंल, मोहरीसारखी, तर दोष सिलिकॉनचा. साच्यात बुडबुडा राहिला, त्याची खळगी झाली, त्यात रेझिन भरलं आणि गोळी आली. ती गोळी प्रत्येक चाकावर त्याच जागी येणार बगा. चाकाला खड्डा पडला असंल, आणि तो वरच्या कडेला किंवा कोपऱ्यात असंल, तर रेझिन ओतताना हवा अडकली, तिला जायला वाट न्हवती. आणि आत सगळीकडं सारखी जाळी असंल तर तो हवेचा विषयच न्हाई.

काळीपिवळी२४ | १५ जुलै, रात्री १०:०५

कापलं. आत इडलीसारखी जाळी आहे, सगळीकडे सारखी. शिवाय तिन्ही चाकांवर कपच्या बाजूला एकाच जागी दोन गोळ्या आहेत. आता फोटो टाकलेत.

उंटावरचा शहाणा | १५ जुलै, रात्री १०:०९

दिसले. सांबार कुठंय?

जुना_कारागीर | १५ जुलै, रात्री ११:२०

इडलीच आहे ती, आणि तुमची इडली पाण्याने फुगलेय. व्हॅक्यूम पंपाचे पैसे आत्ता ठेवा खिशात.

पीयू रेझिनच्या दोन बाटल्यांपैकी एकीत आयसोसायनेट असतं. त्याला ओल लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे तुमचे बुडबुडे ढवळताना शिरलेल्या हवेचे नाहीत, ते रेझिनच्या पोटातच तयार झालेत, पंप लावून रेझिन कितीही उपसा, पुढच्या मिनिटाला परत होणार. आता ओल कुठून आली ते शोधायचं. मुंबईत जुलैमध्ये रेझिन ओतताय, घरात हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा) असेल तर बघा, ८५ च्या खाली काटा येत नसेल. बाटली किती वेळ उघडी होती? ढवळायला काय वापरलं? कप कसला? रंग घातला का काही?

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साचा दुपारी जमला आणि रात्री ओतलंत असं लिहिलंय. तुमचं ते बाटलीवालं सिलिकॉन टिन क्युअर, म्हणजे कंडेन्सेशनवालं. ते जमताना त्यातून अल्कोहोल निघतं आणि पुढे बराच वेळ निघत राहतं. त्यात ताजं ताजं पीयू ओतलं की आयसोसायनेट त्या अल्कोहोलशी लग्न लावतं आणि जे दुसऱ्या बाटलीतल्या भागासाठी होतं ते तिकडेच संपतं. वरचा चिकटपणा बहुतेक त्याचाच. साचा निदान २४ तास ठेवायचा, त्यानंतर ६० अंशाच्या आसपास चारेक तास भाजायचा, मग गार करून ओतायचं.

काळीपिवळी२४ | १५ जुलै, रात्री ११:४८

अरे देवा. ढवळायला आइस्क्रीमची लाकडी काडी. कप कागदी. आणि रंग… काळा पोस्टर कलर घातला होता थोडा.

जुना_कारागीर | १५ जुलै, रात्री ११:५३

पोस्टर कलर!!! अहो तो पाण्यातला रंग. म्हणजे पावसाला नाव ठेवलं मी उगाच, तुम्ही पाणी मोजून घातलंयत.

लाकडी काडीत ओल असते, ती बंद. स्टीलचा चमचा किंवा प्लॅस्टिकची काडी. कागदी कपऐवजी औषधाच्या बाटलीवर येतात तसले प्लॅस्टिकचे कप. रंग घालायचाच तर पीयूची पिगमेंट पेस्ट मिळते, नाहीतर पांढरंच ओता आणि वरून रंगवा, चाकाला तसंही रंगवणार आहातच.

पेणकर | १६ जुलै, सकाळी ७:१५

आमच्या इथे कारखान्यांत गणपतीचे रबरी साचे असतात, बाहेरून प्लास्टरचं कवच, म्हणून साच्याशी घरोबा आहे. मीटरच्या साच्याबद्दल विचारतो, हातात कसले मोजे घातले होतेत? पांढरे रबरी?

काळीपिवळी२४ | १६ जुलै, सकाळी ७:४०

हो, मेडिकलमधले. आणि मीटर उभा करायला खाली मातीचा गोळा लावला होता, मुलीच्या शाळेच्या बॅगेतला.

पेणकर | १६ जुलै, सकाळी ८:०५

मग तीन संशयित आहेत आणि तिघांच्याही हाताला रक्त लागलेलं. समसमान मापाचं ते प्लॅटिनम सिलिकॉन, ॲडिशन क्युअर म्हणतात ते. चांगलं असतं, आकसत नाही म्हटलं तरी चालेल, साचा वर्षानुवर्षं टिकतो. पण नखरे नवरदेवाच्या मामाचे. लेटेक्सचे मोजे चालत नाहीत, गंधक असलेली क्ले चालत नाही, टिनवालं सिलिकॉन ज्या भांड्यात कालवलं ते भांडंसुद्धा चालत नाही, आणि नीट न पिकलेलं थ्रीडी प्रिंटचं रेझिन तर अजिबातच नाही. यातलं काही लागलं की तेवढ्या जागी ते जमायचं थांबतं, आणि थांबलं की थांबलं, महिनाभर वाट बघा. शेंबूड फक्त मीटरच्या अंगाला आहे आणि बाकी साचा घट्ट आहे ना? मग मुख्य आरोपी तुमचा प्रिंट.

प्रिंट आयपीएने (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) धुवा, वाळवा, उन्हात (मिळालं तर) किंवा यूव्ही दिव्याखाली भरपूर ठेवा, वर क्लिअर लॅकरचे दोन हात द्या आणि आधी त्याच प्रिंटच्या एखाद्या टाकाऊ तुकड्यावर थेंबभर सिलिकॉन लावून बघा. एवढं करूनही कधी कधी दगा देतं. मी तुमच्या जागी असतो तर मीटरलाही टिनवालंच वापरलं असतं, त्याला यातल्या कशाचंच वावडं नाही. साचा लवकर म्हातारा होतो आणि किंचित आकसतो, पण मीटर केवढा तुमचा? ८ मिमी. त्यात आकसून काय आकसणार.

न्यूजर्सीकर आबा | १६ जुलै, सकाळी ८:३०

मी इकडे बेसमेंटमध्ये हेच उद्योग करतो, हिवाळ्यात हीटर चालू असला की हवा इतकी कोरडी असते की पीयूला कधी जाळी पडली नाही. गंमत म्हणजे टिन सिलिकॉनचं उलट, त्याला हवेतली थोडी ओल लागतेच, इथे जानेवारीत ते जमायला रडतं. म्हणजे तुमच्याकडे पावसाळ्यात सिलिकॉन भराभर जमणार आणि रेझिन बिघडणार, आमच्याकडे हिवाळ्यात रेझिन छान आणि सिलिकॉन झोपलेलं. देव सगळ्यांना सगळं देत नाही.

बाटल्यांचं सांगतो: ओतून झालं की लगेच झाकण, बाटल्या हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आणि उन्हाळ्यात लवकर जमतंय म्हणून रेझिन फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढून उघडलंत की बाटलीला आतून घाम येतो. मी केलंय म्हणून सांगतोय.

मोल्डर कोल्हापूरचा | १६ जुलै, दुपारी १:१५

मला एक कळंना, चाकाला दोन भागांचा साचा कशाला? चाकाची पाठ सपाट हाय न्हवं? मग काचेवर पाठ चिकटवा, तोंड वर, भोवती पेटी करा आणि सिलिकॉन ओता. उलटं केलं की उघडा साचा तयार, पार्टिंग लाइनच (दोन भागांच्या सांध्याची रेघ) न्हाई, घासकाम न्हाई. रेझिन ओतायचं, काठोकाठ भरायचं, वर प्लॅस्टिकची फाइल घासत सरकवत झाकायची, पाठ आरशासारखी सपाट येती. एका पेटीत चार चाकं बसवा की सरळ.

मीटरला खांब हाय म्हणून तिथं अडचण. तिथं पण दोन भाग नको. अख्खं ठोकळ्यात ओता, जमल्यावर एका बाजूनं ब्लेडनं काप घ्या, पण काप सरळ न्हाई घ्यायचा, नागमोडी घ्यायचा, म्हंजे मिटवल्यावर दोन्ही बाजू आपसूक जाग्यावर बसत्यात. पूर्ण कापू नका, पुस्तकासारखं उघडलं पायजे. मीटर निघालं की रबर लावून मिटवा. वरनं ओतायची वाट आणि दुसऱ्या कोपऱ्यातनं हवा जायची वाट, आम्ही रनर आणि रायझर म्हणतो. हवेची वाट सगळ्यात उंच जागी, हे इसरू नका.

राळरंग | १६ जुलै, दुपारी ३:५०

आणि त्या दोन गोळ्यांचं मी सांगते. सिलिकॉन थेट वरून बदाबदा ओतलं असणार. आधी ब्रशने पातळ हात मास्टरवर फिरवायचा, कानाकोपऱ्यात, टिचबटणाच्या कडेला खास. मग कप हातभर उंच धरून बारीक धार सोडायची, पेटीच्या एका कोपऱ्यात, मास्टरवर नाही, आणि त्याला हळूहळू चढू द्यायचं. धार दोऱ्याइतकी बारीक झाली की बुडबुडे वाटेतच फुटतात. पंपाशिवाय माझे साचे असेच होतात.

किती सिलिकॉन लागेल ते मोजायला पेटीत साबुदाणा भरा आणि तो कपात ओतून खूण करा. पाणी भरू नका, नाहीतर परत तेच. घनसेंटीमीटरमध्ये आलेल्या मापाला १.१५ ने गुणलं की साधारण ग्रॅम. कॅटॅलिस्ट, म्हणजे त्या छोट्या बाटलीतलं, अंदाजाने अजिबात नाही हो! डब्यावर १०० ला ३ लिहिलं असेल तर ६० ग्रॅमला १.८ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा १.८ ला १ पण दाखवेल आणि २ पण, सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घ्या. जास्त घातलं की साचा लवकर जमतो पण ठिसूळ होतो, चौथ्या चाकाला फाटतो.

काळीपिवळी२४ | १६ जुलै, रात्री ९:३०

ताई, दादा, काका, सगळ्यांना साष्टांग. कोल्हापूरकर, पाठ सपाट आहे हे मला का सुचलं नाही कोण जाणे, दोन रात्री गोट्या दाबून खळगे करत बसलो होतो दोन भाग जुळवायला, आणि मध्ये व्हॅसलीन लावायला विसरलो म्हणून दोन्ही भाग एकमेकांना चिकटले, ते वेगळंच.

एक विचारतो. बारीक बुडबुड्यांना लोक दाबाखाली ठेवतात ना, ४० ते ६० पीएसआयला (दाबाचं माप). घरात जुना प्रेशर कुकर आहे…

जुना_कारागीर | १६ जुलै, रात्री ९:३४

नाही.

पेणकर | १६ जुलै, रात्री ९:३५

नाही!!

न्यूजर्सीकर आबा | १६ जुलै, रात्री ९:४१

बाळा नको. कुकरची शिट्टी साधारण १ किलो दाबाला, म्हणजे पंधराएक पीएसआयला उडते. तुम्ही त्यात तिप्पट-चौपट कोंबणार, शिट्टी बंद करून. झाकण छतात सापडेल. दाबाची भांडी त्याच कामासाठी बनवलेली आणि सेफ्टी व्हॉल्व्हसकट घ्यायची नाहीतर हा नाद सोडायचा. १५ मिमीच्या चाकाला त्याची गरजही नाही.

जुना_कारागीर | १६ जुलै, रात्री १०:२०

दाबाऐवजी टाल्कम पावडर. ओतायच्या आधी साच्यात चिमूटभर टाका, ब्रशने सगळीकडे फिरवा, उलटा करून ठोका. उरलेल्या पावडरीच्या पातळ थरामुळे रेझिन बारीक कडांपर्यंत ओढलं जातं, हवा कोपऱ्यात धरून राहत नाही. पावडर कोरडी हवी, तव्यावर जरा गरम करून घेतली तर उत्तम. साचाही कोमट असू द्या. १५ मिमीच्या तुकड्यात रेझिनला स्वतःची ऊब धरता येत नाही, मोठा गोळा असता तर चटका बसेल इतका तापला असता. गार साच्यात बारीक भाग बराच वेळ मऊ राहतात आणि काढताना वाकतात.

अजून एक, डब्यावर १:१ लिहिलंय ते मापाने की वजनाने ते वाचा. दोन्ही भागांची घनता वेगळी असते, एका प्रसिद्ध रेझिनचं मापाने १:१ आणि वजनाने १०० ला ९० आहे. काट्यावर समसमान घेतलंत की चुकलात. दोन सिरिंज घ्या, ए आणि बी लिहून ठेवा, अदलाबदल नको.

आणि खिडकी उघडी. आयसोसायनेटचा वास फारसा येत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, पण दम्याच्या माणसाला त्रास होतो आणि नसलेल्यालाही एकदा वावडं लागलं की आयुष्यभर राहतं. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या, करोनातला कापडी नाही. मोजे नायट्राइलचे. बाबा त्याच खोलीत झोपत असतील तर तिथे करूच नका.

उंटावरचा शहाणा | १७ जुलै, सकाळी ७:०२

चेष्टा बाजूला. हे सगळं करण्यापेक्षा चाकंसुद्धा सोळा प्रिंट का नाही करत?

काळीपिवळी२४ | १७ जुलै, सकाळी ९:१५

टिचबटण प्रिंट होत नाही ना. करून बघितलं, प्रिंटच्या रेघा त्या गोल कपवर दिसतात, घासल्या की आकार जातो. साच्यात बटणाची चकाकीसुद्धा उतरते, बिघडलेल्या त्या इडलीवरसुद्धा कप काचेसारखा आला होता, म्हणून तर जीव जळला.

बिनकामाचा बंडू | १७ जुलै, दुपारी १२:४०

वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडे एका परदेशी कंपनीच्या किटमधली भारी रिम आहे, तिचा साचा करून विकले तर?

न्यूजर्सीकर आबा | १७ जुलै, दुपारी १:०५

घरच्या गाडीचं तुटलेलं चाक बदलायला केलंत तर कुणी विचारत नाही. विकलंत तर ती दुसऱ्याच्या मास्टरची चोरी. त्या माणसानेही कुठेतरी टिचबटण घासलेलं असतं.

काळीपिवळी२४ | ३ ऑगस्ट, रात्री १२:१५

अपडेट. चार चाकांचा उघडा साचा केला, ब्रशचा हात, दोऱ्याएवढी धार, १.८ ग्रॅम बरोब्बर. एक दिवस ठेवून ओटीजीमध्ये ६० ला चार तास भाजला (घरात घोषणा करून, आणि आता तो ओटीजी माझाच झालाय, केक त्यात होणार नाही असं ठणकावलं गेलंय). पाऊस थांबल्यावर, एसी तासभर चालवून, मग ओतलं. ढवळायला स्टीलचा चमचा. अर्धा मिनिट ढवळलं, दोन मिनिटांत ओतून मोकळा. समोर बसून बघत होतो, पारदर्शक रेझिन एका कोपऱ्यातून पांढरं व्हायला लागलं आणि दुधात लिंबू पिळावं तसं क्षणात सगळं पांढरं. वीस मिनिटांनी साचा मागून दाबला, चाक टपकन हातात. कापून बघितलं. आत एक बुडबुडा नाही. एकही नाही!! चांगलं चाक कापलं म्हणून नंतर वाईट वाटलं.

मीटर टिनमध्येच केलं, नागमोडी काप घेऊन. खांब दोनदा तुटला, कारण हवेची वाट मी खांबाच्या टोकाला न काढता मीटरच्या डोक्यावर काढली होती आणि साचा ओतताना खांब वर होता. तिसऱ्यांदा खांबात पितळी तार घालून ओतलं.

मोल्डर कोल्हापूरचा | ३ ऑगस्ट, सकाळी ८:००

इसरू नका म्हणलं हुतं. पण तार घातली हे बेस्ट केलं, आम्ही साच्यात चॅप्लेट (धातूचा आधार) घालतो तसं.

काळीपिवळी२४ | २६ ऑक्टोबर, रात्री १०:३०

पंच्याहत्तरी झाली. चारही गाड्या झाल्या, फोटो टाकलेत, दिसतायत का बघा.

बाबांनी गाडी हातात घेतली, चष्मा काढला, परत लावला. चाकांकडे बघितलंसुद्धा नाही. बाहेर डावीकडच्या मीटरला बोट लावलं तर ते खाली कलंडलं, गोंद अजून ओला होता. मी म्हटलं थांबा चिकटवतो, तर म्हणाले राहू दे, भाडं बसलंय.

राळरंग | २६ ऑक्टोबर, रात्री १०:५०

दिसतायत. कपची चकाकी बघून मलाच आता टिचबटणं शोधावी लागणार. चाकाचा साचा किती चाकांना पुरला?

काळीपिवळी२४ | २६ ऑक्टोबर, रात्री ११:०५

चार खाचा, आठ वेळा ओतलं. शेवटच्या दोन वेळी एका खाचेत कपच्या कडेचं सिलिकॉन फाटलं, ती दोन चाकं फेकली. म्हणजे तीस चांगली. सोळा लागली, उरलेल्यांपैकी चार पेणकरांनी मागितलीत, पाठवतोय.

उंटावरचा शहाणा | २६ ऑक्टोबर, रात्री ११:१२

मला दोन. स्टेपनीसाठी.